हृदय अतिशय दुर्बल झालेल्या रुग्णात ड जीवनसत्त्व कमी आढळले, तर त्याला किती महत्त्व द्यावे?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी आहे. वडिलांचे वय ६४ आहे, हृदयाचा आकार वाढून पंपिंग, म्हणजे ईएफ (दर ठोक्याला हृदयातले किती टक्के रक्त बाहेर फेकले जाते तो आकडा), २० टक्क्यांवर आले आहे, अंगात पाणी साठल्यामुळे गेल्या वर्षभरात त्यांना एकाहून अधिक वेळा दाखल करावे लागले, आणि आता एका तपासणीच्या पॅकेजमध्ये ड जीवनसत्त्वाची पातळी ९ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आली असून तिच्यापुढे ठळक अक्षरांत ‘डेफिशियंट’ छापले आहे. त्यावरून तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: हृदय दुबळे होण्याचे कारण हीच कमतरता असेल का, ती भरून काढल्यास आयुष्य वाढेल का, आणि नात्यातल्या एका गृहस्थांनी सुचवलेले सहा लाख युनिटचे इंजेक्शन घ्यावे का.

पहिल्याचे उत्तर बहुधा नाही असे आहे, मात्र त्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. दुसऱ्याचे उत्तर आजवरच्या पुराव्यानुसार नाही. तिसऱ्याचे उत्तर अजिबात नाही. तरीही कमतरता भरून काढावी, असेच मी सांगेन. पण ती हाडांसाठी आणि स्नायूंसाठी, बेताच्या मात्रेत आणि कॅल्शियमवर लक्ष ठेवून.

पातळी कमी असलेल्या हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय दुबळे पडून रक्त पुरेसे पुढे ढकलू न शकणाऱ्या, रुग्णांची प्रकृती पुढे अधिक बिघडते, हे तुमच्या वाचनात आले ते खरे आहे. इस्रायलमधील एका मोठ्या आरोग्यसंस्थेतील ३००९ रुग्णांच्या नोंदी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांत ड जीवनसत्त्व कमी असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते, इतकेच नव्हे तर जे रुग्ण ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत होते त्यांच्यात ते कमी होते. असे निष्कर्ष वाचले की गोळी द्यायला हरकत कसली, असे कोणालाही वाटेल. पण अशा नोंदींत गोळी कोणी घेतली हे चिठ्ठी टाकून ठरलेले नसते. ज्याचे घरचे लोक जागरूक आहेत, जो तपासणीला नियमित येतो, ज्याला दोन घास जातात आणि ज्याच्या हातापायांत थोडी ताकद आहे, तोच रुग्ण गोळ्याही नीट घेतो, आणि त्याचे बरे चालण्यामागे गोळीखेरीज ही सगळी कारणे असतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे हार्ट फेल्युअर बळावले की ते स्वतःच ही पातळी खाली आणते. उजव्या बाजूचे हृदय थकले की यकृतात रक्त तुंबते, आणि ड जीवनसत्त्वाचे जे रूप आपण रक्तात मोजतो ते यकृतातच तयार होते. आतड्याच्या आवरणाला सूज आली की चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे नीट शोषली जात नाहीत. पुढची, प्रत्यक्ष काम करणारी पायरी मूत्रपिंडात घडते आणि प्रगत आजारात मूत्रपिंडही मंदावलेले असते. शरीरात दाह वाढला की त्यानेही रक्तातली पातळी उतरते. शिवाय माणूस घराबाहेरच पडत नाही. याचे एक साधे कारण क्वचितच कोणी सांगते: पाणी काढायची गोळी सकाळी घेतली की पुढचे दोन-तीन तास स्वच्छतागृहापासून लांब जाण्याची सोय नसते, आणि उन्हाची वेळ नेमकी त्यातच निघून जाते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, दोन जिने चढताना चार वेळा थांबणाऱ्या माणसाला ऊन मिळणार कसे? म्हणून ९ हा आकडा पाहिल्यावर माझ्या मनात पहिला विचार येतो तो हा, की आजार बराच पुढे गेला आहे. इंधन संपत आल्याचे दाखवणारा गाडीतला काटा बोटाने वर सरकवला म्हणून टाकीत पेट्रोल येत नाही. या आकड्याचेही बव्हंशी तसेच आहे.

तरीही शंका रास्त होती, कारण प्रयोगशाळेतले पुरावे मोहात पाडणारे होते. ज्या उंदरांमध्ये ड जीवनसत्त्वाचा ग्राहीच (पेशीतला त्याला ओळखणारा दुवा) काढून टाकला होता, त्यांच्यात रेनिन हे संप्रेरक वाढते, रक्तदाब चढतो आणि हृदयाचे स्नायू जाड होतात, असे २००२ मध्ये दाखवले गेले. रेनिनची ही साखळी रोखणे हाच हार्ट फेल्युअरच्या उपचारांचा एक मुख्य आधार असल्याने, ड जीवनसत्त्व म्हणजे स्वस्तातले हृदयाचे औषध ठरेल अशी आशा अनेकांना वाटली. ती पारखून पाहणे आवश्यकच होते, आणि ते काम नीट झाले.

तुमच्या वडिलांच्या स्थितीला सर्वांत जवळचा अभ्यास जर्मनीतील बाड ओएनहाउझेन येथील हृदयरोग केंद्रात झाला. त्याचे नाव ‘एविटा’, निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची पातळी ३० नॅनोग्रॅमच्या खाली होती अशा हार्ट फेल्युअरच्या ४०० रुग्णांपैकी निम्म्यांना चिठ्ठी टाकून रोज ४००० युनिट ड जीवनसत्त्व आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी तीन वर्षे देण्यात आली. औषध घेणाऱ्यांची रक्तातली पातळी साधारण ४० नॅनोग्रॅमपर्यंत चढली, दुसऱ्या गटाची १६ च्या आसपास राहिली. म्हणजे गोळी पोटात गेली नाही किंवा मात्रा अपुरी पडली, असे म्हणायला जागा उरली नाही. तीन वर्षांत ड जीवनसत्त्वाच्या गटात १९.६ टक्के आणि दुसऱ्या गटात १७.९ टक्के रुग्ण दगावले. संख्याशास्त्रानुसार हा फरक नाहीच असे धरायचे. आकडा दुरुस्त झाला, मृत्यू टळले नाहीत.

याच अभ्यासातली आणखी एक नोंद मला अधिक विचारात पाडते. हृदयाला आधार देणारा यांत्रिक पंप बसवण्याची वेळ ड जीवनसत्त्वाच्या गटात १५.४ टक्के रुग्णांवर आली, दुसऱ्या गटात ९ टक्क्यांवर. हा अभ्यासाचा मुख्य प्रश्न नव्हता, रुग्णसंख्या मर्यादित होती आणि असे दुय्यम निष्कर्ष योगायोगानेही दिसू शकतात, त्यामुळे ‘ड जीवनसत्त्वाने हृदय बिघडते’ असा अर्थ मी काढणार नाही. रक्तातले कॅल्शियम प्रमाणाबाहेर वाढण्याचे प्रकारही त्या गटात दुप्पट होते, ६.२ टक्के विरुद्ध ३.१ टक्के. एवढ्यावरून ‘घेऊन तर बघू, नुकसान तर नाही’ हे वाक्य या रुग्णांच्या बाबतीत बिनधोकपणे उच्चारता येत नाही, इतके नक्की म्हणता येते.

याच्या उलट बाजूने नेहमी पुढे केला जातो तो इंग्लंडमधील लीड्सचा ‘व्हिंडिकेट’ अभ्यास, २०१६ चा. तिथेही मात्रा रोज ४००० युनिटच होती, मुदत एक वर्षाची. औषध घेणाऱ्यांचे ईएफ दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे सहा टक्केबिंदूंनी सुधारले, आणि वर्तमानपत्रांनी तेवढेच उचलले. पण त्या अभ्यासाचा मुख्य प्रश्न रुग्ण सहा मिनिटांत किती अंतर चालू शकतो हा होता आणि त्यात काहीच फरक पडला नाही. इकोमधले (हृदयाच्या सोनोग्राफीतले) आकडे सुधारावेत आणि माणसाच्या चालण्यात फरक पडू नये, हे हृदयरोगात नवे नाही. नंतर ‘एविटा’च्या रुग्णांचे इको तपासले गेले तेव्हा तिथे एकूण गटात ईएफची सुधारणा आढळली नाही. म्हणून लीड्सचा निष्कर्ष मी खोटा म्हणत नाही, पण त्यावर उपचार बेतण्याइतका तो भक्कमही मानत नाही.

ज्यांना हार्ट फेल्युअर झालेलेच नाही, त्यांच्यात ते टाळण्यासाठी ड जीवनसत्त्व उपयोगी पडते का, हेही अमेरिकेतील ‘व्हायटल’ अभ्यासात २५,८७१ लोकांवर पाहिले गेले. रोज २००० युनिट घेऊनही हार्ट फेल्युअरमुळे पहिल्यांदा दाखल होण्याचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळात बरी होती, हा आक्षेप योग्य आहे, परंतु तुमच्या वडिलांपुरते पाहता ‘एविटा’ला हा आक्षेप लागू होत नाही. अमेरिकेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच धोरण आहे: एखादी विशिष्ट कमतरता सिद्ध झाली असेल तर ती भरावी, पण हार्ट फेल्युअरवरचा उपचार म्हणून जीवनसत्त्वे आणि पूरके देऊ नयेत.

आता तो अपवाद. रक्तातले कॅल्शियम बऱ्याच काळ फार कमी राहिले, तर हृदयाचा स्नायू नीट आकुंचन पावू शकत नाही आणि इकोमध्ये दिसणारे चित्र थेट डायलेटेड कार्डिओमायोपॅथीसारखे, म्हणजे हृदय फुगून दुबळे झाल्यासारखे, असते. मुडदूस झालेल्या तान्ह्या बाळांत हे प्रामुख्याने दिसते. आग्नेय इंग्लंडमधील अशा १६ बाळांची माहिती २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती सर्व भारतीय उपखंडातील किंवा आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांतली होती. काही बाळे दगावली, पण जी वाचली त्यांचे हृदय कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर सावरले. प्रौढांमध्ये हे विरळ असते, मात्र थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत बाजूच्या, कॅल्शियम राखणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथी दुखावल्या गेल्या असतील, किंवा त्या ग्रंथी मुळातच काम करत नसतील, तर असा रुग्ण वर्षानुवर्षे ‘हार्ट फेल्युअर’ म्हणून फिरत राहतो. हातापायांना मुंग्या येणे, बोटे आखडून वळणे, ओठांभोवती बधिरपणा, ईसीजीमध्ये क्यूटी (हृदयाच्या विद्युत चक्रातले एक अंतर) लांबलेले असणे, आणि मानेवर जुन्या शस्त्रक्रियेचा व्रण असणे, या खुणा आहेत. तुम्ही पाठवलेल्या अहवालात ड जीवनसत्त्व आहे, पण कॅल्शियम नाही. ही तपासणी स्वस्त आहे आणि ती आधी करून घ्या. सोबत अल्ब्युमिन हे रक्तातले प्रथिन मोजायला सांगा, कारण अशा रुग्णांत अल्ब्युमिन कमी असते आणि त्यामुळे एकूण कॅल्शियमचा आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसतो. कॅल्शियम खरोखरच कमी असेल तर पुढचा सगळा विचार बदलतो आणि तो घाईने करावा लागतो.

कॅल्शियम व्यवस्थित असेल, तर ड जीवनसत्त्व देण्याचे खरे कारण म्हणजे हाडे आणि मांड्या. दीर्घकाळच्या कमतरतेने हाडे ठिसूळ न होता मऊ पडतात आणि कंबरेजवळचे, मांडीचे स्नायू दुबळे होतात. अशा माणसाला हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठवत नाही, पाटावर बसल्यास उठताना जमिनीला हात टेकावे लागतात, नडगीवर अंगठ्याने दाबले तर कळ येते. घरचे आणि कधीकधी डॉक्टरही हा सगळा थकवा हृदयाच्या खात्यावर टाकतात. वडिलांना उठायला सांगताना ते आधी दमतात की आधी मांड्या साथ सोडतात, हे एकदा बारकाईने पाहा. दम न लागताच मांड्या हरत असतील, तर त्या भागात ड जीवनसत्त्वाने फरक पडण्याची शक्यता चांगली आहे. आणि पुढेमागे हृदय प्रत्यारोपणाचा विचार झाला, तर त्यानंतरच्या स्टेरॉइडमुळे हाडे वेगाने झिजतात, म्हणूनही ती आधीपासून सांभाळलेली बरी.

मात्रेबद्दल माझे मत सरळ आहे. आपल्याकडे आठवड्यातून एकदा ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल, आठ आठवडे, असे लिहून देण्याची पद्धत रूढ आहे, आणि एरवी धडधाकट माणसात ती चालून जाते. पण प्रगत हार्ट फेल्युअरमध्ये मी रोज १००० ते २००० युनिट देणे पसंत करतो आणि तीन महिन्यांनी कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) व ड जीवनसत्त्वाची पातळी पुन्हा पाहतो. पातळी २० च्या वर स्थिरावली की माझे समाधान होते. ३० चा आग्रह आता धरण्याचे कारण उरलेले नाही. ज्या अमेरिकी एंडोक्राइन सोसायटीने (संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने) २०११ मध्ये ती मर्यादा रूढ केली, तिनेच २०२४ च्या सूचनांत तिचा पुरस्कार थांबवला आहे. प्रयोगशाळांचे छापील तक्ते मात्र अजून जुन्या मर्यादेवरच चालतात, म्हणून २४ आले तरी अहवालात लाल शाई दिसते आणि माणसे धास्तावतात.

पुडीबद्दल एक धोका विशेष सांगतो, कारण तो घरातच घडतो. कागदावर आठ आठवडे लिहिलेले असते, पण औषध दुकानातून पुढच्या महिन्याच्या औषधांबरोबर पुडीही पुन्हा येते आणि कोणी ती थांबवत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी वेगळी लिहिलेली असते, घरगुती डॉक्टरांनी वेगळी, आणि ज्या ‘कॅल्शियमच्या’ गोळीचा कोणी हिशेबच धरत नाही तिच्यातही ड जीवनसत्त्व असते. त्यात मेटोलाझोनसारखी थायाझाइड जातीची पाणी काढणारी गोळी चालू असेल, तर कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडण्याचे प्रमाण घटते. मग कॅल्शियम चढते. मळमळ, भूक मरणे, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि विशेष म्हणजे तहान. दिवसाला दीड लिटर पाण्याची मर्यादा घातलेला माणूस तहानेने कासावीस होतो आणि घरच्यांना वाटते की तो पथ्य मोडतो आहे. यातले प्रत्येक लक्षण हार्ट फेल्युअर वाढल्याचेही असू शकते, त्यामुळे निदान लांबते. कॅल्शियम वाढल्याने लघवी जास्त होते, शरीर कोरडे पडते, क्रिएटिनिन चढते, आणि क्रिएटिनिन चढले की पहिली कुऱ्हाड पडते ती स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन या खरोखर आयुष्य वाढवणाऱ्या औषधांवर. वडील डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेत असतील तर वाढलेले कॅल्शियम ठोक्यांची गंभीर गडबड घडवू शकते. म्हणून घरातील सगळ्या पट्ट्या, बाटल्या आणि पुड्या एका पिशवीत भरून पुढच्या भेटीला घेऊन जा. नुसती यादी नको.

सहा लाख युनिटच्या इंजेक्शनला माझा विरोध याच कारणाने आहे. ड जीवनसत्त्व चरबीत साठते, एकदा टोचले की परत काढता येत नाही, आणि कॅल्शियम चढले तर ते उतरायला आठवडे, कधी महिने लागतात. मोठ्या मात्रेने हाडांचेही भले होते असे नाही. ऑस्ट्रेलियात वयस्क स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट देऊन पाहिले तेव्हा, २०१० च्या त्या निष्कर्षांनुसार, पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या, उठता-बसता तोल जाणाऱ्या रुग्णासाठी ही साधी गोष्ट नाही.

उन्हाबद्दलही तुम्ही लिहिले आहे की सकाळी सात वाजता वडिलांना गॅलरीत कोवळ्या उन्हात बसवता. ते त्यांच्या मनाला आणि झोपेला चांगले आहे, जरूर बसवा. पण त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात, आणि खिडकीच्या काचेआडून तर ते मुळीच येत नाहीत. ते किरण मिळतात अकरा ते तीनच्या दरम्यान, आणि त्या उन्हात कमी रक्तदाबाच्या, मोजून पाणी पिणाऱ्या माणसाला बसवणे मला पटत नाही. म्हणून त्यांच्यासाठी गोळीच योग्य. मासे चालत असतील तर ताजा बांगडा खुशाल द्या. सुकट, सुके बोंबील आणि खारवलेले मासे मात्र बंद, कारण त्यांतल्या मिठाने एका जेवणात पायांवर सूज येऊ शकते.

या एका आकड्यामागे कुटुंबाची जी शक्ती खर्च होते आहे, ती कुठे लावावी हेही सांगणे मला आवश्यक वाटते. स्पायरोनोलॅक्टोन ही जुनी, स्वस्त गोळी. तिने गंभीर हार्ट फेल्युअरच्या १६६३ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटवल्याचे १९९९ मध्येच सिद्ध झाले. तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत ती नाही, आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरवरच्या औषधांपैकीही कोणती गोळी नाही. कदाचित पोटॅशियम, रक्तदाब किंवा मूत्रपिंडामुळे डॉक्टरांनी जाणूनबुजून वगळली असतील, तसे असल्यास कारण समजून घ्या. पण विचारा अवश्य. कमतरताच शोधायची असेल तर लोहाची शोधा. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ही तपासणी पंडुरोग नसला तरी करावी, कारण लोह कमी असलेल्या अशा रुग्णांना शिरेतून लोह दिल्यास चालण्याची क्षमता आणि रोजचे जगणे सुधारते, हे चिठ्ठी टाकून केलेल्या अभ्यासांत दिसले आहे. तोंडाने लोहाच्या गोळ्या घेऊन मात्र हा फायदा मिळत नाही. ईसीजीतली क्यूआरएस रुंदी (विद्युत संदेश हृदयाच्या खालच्या कप्प्यांत पसरायला लागणारा वेळ) किती आहे आणि तीन तारांचा पेसमेकर उपयोगी पडेल का, हेही विचारून ठेवा.

आणि ईएफ २० टक्के, वारंवार दाखल होणे, पाणी काढायच्या गोळीची मात्रा वाढत जाणे, हे सगळे एकत्र असताना प्रत्यारोपण आणि यांत्रिक पंपाचा विचार करणाऱ्या केंद्रात एकदा दाखवायला उशीर करू नये. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत; नोंदणी मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत होते. ६४ हे वय अशा चर्चेसाठी अजून उलटून गेलेले नाही, पण मूत्रपिंड आणि फुप्फुसातील दाब हाताबाहेर गेल्यावर तेच दार बंद होते. तिथे जाताना जुने सर्व इको, शेवटच्या डिस्चार्जचे कागद आणि आता करून घ्याल तो कॅल्शियमचा अहवाल सोबत ठेवा.